नाण्याचा बट्टा

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, इमारतींच्या दाटीतून वाट काढत गेलं की विटामातीचा एक उंचवटा लागतो. सोपाऱ्याचे जुने लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो मधोमध खणला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. पेटीत बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती होत्या, एकात एक बसवलेले करंडक होते, सोन्याची फुलं होती, बुद्धांच्या भिक्षापात्राची म्हणून जपलेली तेरा खापरं होती. आणि या पुण्यसामग्रीत एक चांदीचं नाणं होतं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं. कलेचे अभ्यासक मूर्तींकडे वळतात. पैशाचा अभ्यास करणाऱ्याची नजर मात्र त्या नाण्यावर अडते, कारण घडणीने ते सातवाहनांचं नाहीच.

सातवाहनांचं रोजचं चलन शिशाचं, तांब्याचं, पोटीनचं. चांदीच्या नाण्यावर राजाचा चेहरा उठवायची रीत त्यांच्या हाडवैऱ्यांची, पश्चिमी क्षत्रपांची. आणि क्षत्रपांनी ती ग्रीकांकडून उचललेली. यज्ञश्रीच्या पूर्वजाने, गौतमीपुत्राने, क्षत्रप नहपानाचा पाडाव केला, पण त्याची नाणी सरसकट वितळवली नाहीत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने नुसता आपला छाप मारलेला आहे. वैऱ्याचा चेहरा खालून डोकावतोच. बाजाराच्या हाताला जे नाणं बसलं होतं, ते मोडायच्या भानगडीत जिंकलेला राजाही पडला नाही.

याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यांतल्या त्याच्या दानलेखात शूर्पारकाचं, म्हणजे सोपाऱ्याचं, नाव येतं. आणि एक हिशेबही येतो. सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णाला ३५ कार्षापण. चांदी आणि सोनं यांच्यातला दर दगडात कोरलेला! रिझर्व्ह बँकेच्या कुठल्याही गव्हर्नरला हेवा वाटावा असा स्थिर दर.

एरवी दर म्हटला की बट्टा आलाच. नाण्याच्या तोंडावर एक किंमत आणि ते मोडायला गेल्यावर हातात येणारी दुसरी. यांतल्या फरकाला सराफ बट्टा म्हणत आले. माणसाच्या नावाला लागतो तोही बट्टाच. मराठीने दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला, आणि आजच्या विषयाची किल्ली त्या शब्दात आहे. बिटकॉइन, टेथर आणि त्यांच्या भाऊबंदांची गोष्ट बहुधा संगणकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. काराकास, लागोस, ब्युनोस आयर्स, बैरूत इथल्या सामान्य माणसाने ही नाणी जवळ केली ती संगणकाच्या प्रेमापोटी नव्हे. सरकारच्या नाण्याला बट्टा लागला म्हणून केली. वसईच्या किनाऱ्याला हा अनुभव नवा नाही, म्हणून सुरुवात इथूनच.

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या राज्यातलं सर्वांत हलकं नाणं बुजरुक. १५८३ ते १५८८ अशी पाच वर्षं गोव्यात काढलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन त्याला सरळ वाईट टिनाचं ओतीव नाणं म्हणतो. रस्त्यारस्त्यावर बसलेले सराफही त्याने टिपले आहेत. खोटं कुठलं, खरं कुठलं, हे त्यांना विचारल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे. सराफ नाणं दगडावर टाकून वाजवी, अंगठ्याने कडा चाचपी, कसोटीवर घासून बघे आणि मग आपला बट्टा कापून पैसे मोजून देई. 'खणखणीत नाणं' आणि 'वाजवून घेणं' हे शब्दप्रयोग त्याच कट्ट्यावरून घराघरांत आले असणार. टाकसाळ राजाची, पण नाण्याला खरेपणाचा दाखला देणार सराफ.

मराठेशाहीत तर सराफाची चंगळच झाली. चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, हाली सिक्का, सुरती, आर्काटी. जितक्या टाकसाळी तितके रुपये. पेशवे टाकसाळींचे परवाने खाजगी लोकांना देत आणि नाण्यात खोट निघाली की दंड करत. सारा कुठल्या रुपयांत भरायचा, शिपायाचा पगार कुठल्या रुपयांत द्यायचा, यावर तंटे होत. १८३५ मध्ये कंपनी सरकारने कायदा करून आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला, तेव्हा सराफांच्या मिळकतीचा एक मोठा झरा आटला. बट्टा हळूहळू विस्मरणात गेला. शंभर-सव्वाशे वर्षं रुपया म्हणजे रुपया, असं चाललं.

या काळात रुपयाने समुद्र ओलांडला. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान इथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाजारात भारतीय रुपया चालत होता. तिथल्या बहुतेक राज्यकर्त्यांचं स्वतःचं असं चलन नव्हतं. मोती, खजूर, कापड, सगळ्याचा भाव रुपयांत. आज अर्जेंटिनाचा माणूस डॉलरकडे ज्या नजरेने बघतो, तशा नजरेने तेव्हाचं आखात रुपयाकडे बघे. हे ऐकून आजच्या तरुणांना गंमत वाटते.

पुढे घडलं ते गमतीचं नव्हतं. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, त्यामुळे इथे सोनं जगापेक्षा महाग. रुपयांच्या नोटांची पुडकी गलबतांतून आखातात जात. तिथल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे परत पाठवून पौंड मागत. पौंडांनी सोनं घ्यायचं आणि दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं करून ते चोरवाटेने पश्चिम किनाऱ्यावर उतरवायचं. म्हणजे भारताच्या तिजोरीतल्या परकीय चलनातूनच भारतात चोरटं सोनं येत होतं. यावर उतारा म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असे. लोक त्यांना आखाती रुपया म्हणू लागले.

कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, बहारीनने १९६५ मध्ये. मग ६ जून १९६६ चा दिवस आला. दिल्लीने रुपयाचं अवमूल्यन केलं; डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. दुबईच्या दुकानदाराच्या गल्ल्यातल्या रुपयाची किंमत त्याने काहीही न करता एक-तृतीयांशाहून अधिक घटली, आणि त्याला दिल्लीत मत देण्याचाही अधिकार नव्हता. दुबई आणि कतार यांनी तडकाफडकी सौदी रियाल वापरायला घेतला आणि काही महिन्यांत स्वतःचा. अबू धाबी बहारीनच्या दिनाराकडे वळलं. ओमान तेवढा १९७० पर्यंत रुपयाला धरून राहिला. कुणी मोर्चा काढला नाही, सभा घेतली नाही. नाणं बदललं. पुढे काही वर्षांतच वसईच्या किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं नोकरीला आखातात जाऊ लागली ती दिनार, दिरहम आणि रियाल कमवायला. काही वर्षं आधी तिथे गेली असती तर पगार रुपयांतच मिळाला असता.

बिटकॉइनकडे वळण्याआधी ही आठवण आवश्यक वाटते, कारण परक्या चलनाकडे पळणाऱ्यांकडे अडाणी किंवा देशद्रोही म्हणून बघण्याची खोड अर्थखात्यांना सगळीकडेच असते. दुबईचा दुकानदार ना अडाणी होता, ना द्रोही.

आता व्हेनेझुएला. त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेनेच २०१८ ची महागाई १,३०,०६० टक्के असल्याचं कबूल केलं. २००८, २०१८ आणि २०२१ अशा तीन खेपांत बोलिव्हारवरची मिळून चौदा शून्यं पुसली गेली. अशा देशात पगार हातात पडला की तो दुपारच्या आत खर्चून टाकणं हीच बचत. कोणी डॉलर साठवले, कोणी फोनमध्ये बिटकॉइन. स्वस्त सरकारी विजेवर कोणी बिटकॉइनची खाण चालवली. सरकारलाही मोह आवरला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने पेट्रो नावाचं स्वतःचं आभासी नाणं काढलं, देशाच्या तेलाची हमी दिली. लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ज्याच्या बोलिव्हारवर विश्वास नाही त्याच्याच पेट्रोवर कसा बसावा? जानेवारी २०२४ मध्ये पेट्रो गुंडाळला गेला. त्याआधी, मार्च २०२३ मध्ये, आभासी चलनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यातच तेलविक्रीच्या पैशांचा घोटाळा निघाला आणि तेलमंत्र्याला पायउतार व्हावं लागलं.

अर्जेंटिनाच्या लोकांची चलनांच्या बाबतीत मुरलेली बुद्धी आहे. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने त्यांच्या बँकठेवी गोठवल्या; तेव्हापासून गादीखालचा डॉलर हा तिथला कुटुंबधर्म. ब्युनोस आयर्सच्या फ्लोरिडा रस्त्यावर 'कांबियो, कांबियो' अशी हाळी देत उभ्या राहणाऱ्यांना लोक 'छोटी झाडं' म्हणतात आणि ते गिऱ्हाइकाला ज्या आतल्या पेढीवर नेतात तिला 'गुहा'. अनेक वर्षं सरकारी दर एक असे, गुहेतला 'निळा' दर दुसरा. हा फरक म्हणजे शुद्ध बट्टा; सराफाला तो लगेच ओळखता आला असता. २०२३ मध्ये तिथे महागाई २११ टक्क्यांवर गेली, तोवर गुहांमध्ये कागदी डॉलरबरोबर फोनमधला डॉलरही मोडून मिळू लागला होता.

फोनमधला डॉलर म्हणजे काय, ते जवळून बघायला नायजेरियात जावं लागेल.

नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना आभासी चलनवाल्यांची खाती बंद करायला लावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतःचा ई-नायरा आणला; तो बहुतेकांच्या फोनमध्ये नुसता पडून राहिला. बंदी आली तसा व्यवहार माणसामाणसांत सुरू झाला. समजा, लागोसमधला एक तरुण परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी संकेतस्थळं बनवतो. मजुरी येते टेथरमध्ये. एक टेथर म्हणजे एक डॉलर, असं ते काढणारी कंपनी म्हणते. संध्याकाळी घरभाडं द्यायला त्याला नायरा हवा. तो बाजारमंचावर जाहिरात लावतो: अमुक टेथर, अमुक दराने. घेणारा सापडला की मंच त्याचे टेथर अनामत म्हणून अडकवून ठेवतो. घेणारा बँकेतून नायरा पाठवतो. इथे तरुण घाई करत नाही. पैसे आल्याचा खोटा एसएमएस पाठवणारे भामटे असतात, म्हणून तो एसएमएसवर विसंबत नाही. बँकेचं ॲप उघडतो, शिल्लक बघतो, पाठवणाऱ्याचं नाव जाहिरातीतल्या नावाशी ताडतो, समोरच्याने आजवर किती व्यवहार पुरे केले तो आकडा बघतो, आणि मगच टेथर सोडण्याचं बटण दाबतो. नाणं वाजवून घेणं ते हेच. दगडाच्या जागी पडदा आला, एवढंच.

जून २०२३ मध्ये नायरा मोकळा सोडला गेला. डॉलरला ४६० च्या आसपास असलेला भाव पुढच्या फेब्रुवारीत दीड हजारापलीकडे गेला. सरकारने खापर फोडलं बायनान्स या मंचावर. तिथला दर बघून लोक नायरा टाकतात, असं म्हणणं पडलं. कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. एक निसटला, दुसरा ऑक्टोबर २०२४ पर्यंत अडकून पडला. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातलाच हा प्रकार. तरी सरकारची बाजू अगदीच पोकळ म्हणता येत नाही. ज्या देशाची बचत फोनवाटे बाहेर जाते, त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या हातातून व्याजदराचं हत्यारही जातं, आणि मागे राहिलेल्या, फोन नसलेल्या गरिबाच्या हातातला नायरा आणखी पडतो. आभासी चलनाचे प्रचारक हे सहसा सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट ते सांगत नाहीत. बिटकॉइनचा जन्म सराफाला हटवण्यासाठी झाला होता. ऑक्टोबर २००८ च्या अखेरीस सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक टिपण प्रसिद्ध झालं, ३ जानेवारी २००९ ला पहिली नाणी पडली. एकूण २ कोटी १० लाखांवर ती कधीच जाणार नाहीत, टाकसाळीला मालक नाही, मध्ये बँक नाही. कल्पना देखणी आहे. पण ज्याला महिनाअखेरीचं भाडं द्यायचं आहे त्याला आठवड्यात दहा टक्के वर-खाली होणारं नाणं परवडत नाही. म्हणून अस्थिर चलनांच्या देशांत लोक मोठ्या प्रमाणावर टेथरकडे गेले. आणि टेथरमागे कंपनी आहे. राखीव निधीबद्दल दिशाभूल केल्याबद्दल ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकी नियामकाने तिला ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड केला. तिचा बराचसा निधी अमेरिकी सरकारच्या रोख्यांत असतो. ती हवं तेव्हा कुणाचेही टेथर गोठवू शकते. म्हणजे राजा वॉशिंग्टनचा, सराफ खाजगी, आणि गिऱ्हाईक लागोसचं. राजाशिवायचं नाणं शोधायला निघालेली माणसं दुसऱ्या राजाच्या नाण्यापाशी येऊन थांबली. सातवाहनांच्या बाजारातही काही वेगळं झालं नव्हतं.

सराफ परतला की सराफाची लबाडीही परतते. तुर्कस्तानात लिरा घसरत असताना लोकांनी थोडेक्स नावाच्या पेढीत बचत ठेवली. एप्रिल २०२१ मध्ये तिचा तरुण संस्थापक देश सोडून पळाला. पुढच्या वर्षी अल्बानियात सापडला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला ११,१९६ वर्षांची शिक्षा सुनावली. हा आकडा छपाईची चूक नव्हे.

उलट उदाहरण एल साल्वादोरचं. त्या देशात २००१ पासून अमेरिकी डॉलरच चालतो. नाण्याला बट्टा नाही. तरी ७ सप्टेंबर २०२१ पासून राष्ट्राध्यक्षांनी बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं आणि फोनमध्ये सरकारी पाकीट उघडणाऱ्याला ३० डॉलर बक्षीस दिलं. बहुसंख्य लोकांनी बक्षीस खर्च केलं आणि पाकीट मिटलं. जानेवारी २०२५ मध्ये, नाणेनिधीच्या कर्जाची अट म्हणून, दुकानदारावरची बिटकॉइन घेण्याची सक्तीही गेली.

मग भारताचं काय? आभासी चलनांच्या वापरात चेनॅलिसिस या कंपनीने २०२३ पासून सलग तीन वर्षं भारताला पहिला क्रमांक दिला. रुपया काही बोलिव्हार नाही. साठ वर्षांत तो पुष्कळ घसरला, पण पायरी-पायरीने. पगार दुपारच्या आत खर्चायची वेळ इथे आली नाही. तेव्हा विरार लोकलमध्ये उभ्याने फोनवर नाण्यांचे आलेख बघणारा तरुण महागाईपासून पळतोय असं म्हणणं त्याचं कौतुक करण्यासारखं होईल. तो झटपट वाढीच्या आशेने आलेला आहे. त्याच्या आईच्या पाटल्या कपाटात आहेत. बट्ट्यावरचा घरचा विमा तो तिथे आहे.

इथे लोकांना पोळलं आहे ते सराफांनी. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. एका बांधकाम समूहाची कर्जं लपवायला एकवीस हजारांहून अधिक खोटी खाती दाखवली गेली होती. रुपया खणखणीत, पेढी बुडालेली. लेबनॉनमध्ये दोन्ही एकदम झालं. तिथे एका डॉलरचे १,५०७ पौंड होते ते पुढे ८९ हजारांपलीकडे गेले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तर लोक खेळण्यातली पिस्तुलं घेऊन स्वतःचेच पैसे मागायला बँकेत शिरले.

नव्या पेढ्यांचाही अनुभव जमा आहे. पुणे पोलिसांकडे २०१८ मध्ये गेनबिटकॉइनचं प्रकरण आलं: बिटकॉइन ठेवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के घ्या. परतीची वेळ आली तेव्हा बिटकॉइनच्या जागी एमकॅप नावाचं घरचं नाणं हातावर ठेवलं गेलं. वाईट टिनाचं बुजरुक ते हेच. पुढे, मार्च २०२२ मध्ये, तपासाला मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच जप्त नाणी वळवल्याच्या आरोपाखाली अटक झाली. मुंबईच्या वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजी दरोडा पडला; २३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे ग्राहकांची जवळपास निम्मी ठेव, गेली. ठेवीदारांत कुठल्या कुठल्या उपनगरांतले लोक होते, आणि त्यांच्या देण्याचा निवाडा झाला सिंगापूरच्या न्यायालयात.

सरकारचं धोरण या काळात गिरकी घेत राहिलं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून तोडलं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला तो आदेश रद्द केला. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, तोट्याची वजावट नाही, आणि प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस. १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरांत डिजिटल रुपया चाचणीसाठी उतरला.

या सगळ्यात एक बारीक आकडा आहे, ज्याकडे व्याख्यात्याला श्रोत्यांचं लक्ष वेधावंसं वाटतं. भारतीय मंचांवर टेथरचा रुपयांतला भाव बँकेतल्या डॉलरच्या भावापेक्षा बहुधा काही रुपये चढा असतो. डॉलर विकत घेण्यावर परकीय चलनाच्या नियमांचं कुंपण आहे, वर कर आहे, टीडीएस आहे; विकणारे थोडे, घेणारे जास्त. काही रुपये ही व्हेनेझुएलाच्या मानाने किरकोळ गोष्ट. पण सराफकट्ट्यावरचा जुना माणूस हे दोन आकडे शेजारी ठेवून त्यांची वजाबाकी वहीत नोंदता, तर त्या रकान्याच्या डोक्यावर त्याने कोणता शब्द लिहिला असता, ते वसईकरांना सांगायला नको.